डावा दांडा

चेनच्या ट्रॅक्टरने विहिरीचा कठडा पाडला तेव्हा दिवस चांगला वर आला होता, त्यामुळे बघणाऱ्यांची काही कमी नव्हती. आणि बघणाऱ्या प्रत्येकाने एकच बघितलं. उतार संपता संपता रस्ता डावीकडे वळत होता, आणि म्हाताऱ्याने मशीन उजवीकडे घातलं.

थोरली उताराच्या माथ्यावर ग्रीसचा पंप हातात घेऊन उभी होती. बाप मशीनवर आणि ही थोरली मुलगी मशीनच्या मागे, हे लोकांना बारा वर्षांचं सवयीचं. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, पहिले दोन महिने भिंतीला टेकून काढले, आणि एक दिवस कुणाला न विचारता मशीनखाली शिरली. तेव्हापासून तेलपाणी, ग्रीस, चेनचा ताण, सगळं तिच्याकडे. बाबा चालवायचे, ती राखायची.

मशीन उतरताना तिला दिसत होतं. बाबांची पाठ मागे झुकली, म्हणजे त्यांनी दांडा ओढला. मशीनचं नाक उजवीकडे फिरलं. पाठ आणखी मागे गेली, नाक आणखी फिरलं. मग पुढचं पातं धाडकन खाली आलं, जमिनीत रुतलं, आणि कठड्याचे दगड एकामागून एक विहिरीत पडल्याचे आवाज आले. पाठोपाठ रहाट गेला. पातं टाकलं नसतं तर मशीनही गेलं असतं, आणि मशीनवरचा माणूसही.

विहीर शेजारच्या काकांची. काकू बादली भरून जेमतेम दहा पावलं गेल्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि तिच्याशेजारी मातीतच बसल्या.

काका धावत आले. "डोळे कुठे होते तुमचे?"

"डावा ओढला मी," बाबा म्हणाले. उतरताना त्यांचा पाय पायरीवर दोनदा चुकला. "डावाच ओढला."

"मग मशीन काय आपल्या मनाने गेलं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "नाचता येईना, अंगण वाकडं." हसलं कुणी नाही. पण बोलणाऱ्याला कुणी गप्पही केलं नाही.

त्या वर्षी नदीने पाच घरांची शेतं वाळूखाली घातली होती. पूर दोन दिवसांत उतरला. वाळू राहिली, कुठे गुडघाभर, कुठे मांडीभर. चाकांचे ट्रॅक्टर घालून बघितले, ते आसापर्यंत बसले आणि त्यांना ओढून काढायला शेवटी याच जुन्या धुडाला जावं लागलं. पाच घरांनी मिळून घेतलेलं हे मशीन एका रस्त्याच्या कामावरून सुटलेलं होतं. बाबा त्याच कामावर ते चालवायचे, म्हणून लोक म्हणायचे, मशीनबरोबर ड्रायव्हर फुकट आला. त्याला स्टिअरिंगचं चाक नाही, दोन दांडे. डावा दांडा ओढला की डावी चेन सुटते, डावा ब्रेक दाबला की ती जागेवर थांबते, उजवी चालत राहते आणि मशीन डावीकडे वळतं. वाळूखालची माती अजून ओली होती. महिनाभरात वाळू हटली तर तीत पेरता येणार होतं. एकदा ऊन आत उतरलं की ती विटेसारखी होणार, आणि वर्ष हातचं जाणार.

तिसऱ्या दिवशी काकांचा जावई आला. तो खोदकामाचं मशीन चालवायचा, हातात कसब होतं, तोंडात मस्ती नव्हती. विहिरीपासून वर आणलेलं मशीन त्याने शेडपुढच्या सपाट आवारात गोल फिरवलं. उजवीकडे वळलं, डावीकडेही वळलं.

"डावीकडे थोडं आळशी आहे. पण वळतं," तो म्हणाला. मग बाबांजवळ येऊन हळू आवाजात, "वय झालं की होतं असं. माझ्या वडिलांचंही झालं होतं."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

पाच घरांची माणसं शेडमध्ये उभ्याउभ्याच बोलली. किल्ली काकांकडे राहील. दहा दिवसांनी जावई रजा घेऊन येईल आणि मशीन खाली नेऊन वाळू हटवेल. बाबांनी खिशातून किल्ली काढली. ती तेलकट होती, म्हणून सदऱ्याला पुसून दिली.

घरी बाबा खाटेवर बसून राहू लागले. दुसऱ्या दिवशी थोरली विहिरीतून दगड काढायला काय लागेल ते बघून परत आली, तर दारातच थांबली. बाबांनी डोळे मिटले होते. त्यांनी एक हात उचलला. आई भाजी निवडत होती, मान वर करून म्हणाली, "डावा."

त्यांनी दुसरा उचलला.

"उजवा."

पुन्हा पहिला. "डावा. अहो, किती वेळा?"

बाबांनी डोळे उघडले आणि हाताकडे बघितलं. "मी खरंच डावा ओढला होता का गं?"

कुणाशी भांडताना किंवा रागावताना बाबांचा आवाज थोरलीने ऐकला होता. असा कधी ऐकला नव्हता. ती आत न जाता तशीच मागे वळली. पण काकांच्या दारात जायला तिला आणखी एक दिवस लागला.

काका जेवायला बसले होते. ती उंबऱ्याबाहेर चपला काढून उभी राहिली. "किल्ली हवी होती," ती म्हणाली. काकांनी वर बघितलं नाही. त्यांनी सावकाश जेवण संपवलं, हात धुतले, तोंड पुसलं. ती उभीच.

"कशाला?"

"मशीनमध्ये काय झालंय ते बघायचंय."

"जावयाने बघितलंय."

"सपाटीवर बघितलंय. उतारावर नाही. उतारावरून मशीन तेच नेणार आहेत."

काकू ताट उचलत होत्या. त्यांचा हात ताटावर थांबला. काकांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा थोरलीकडे, आणि खुंटीवरची किल्ली काढून उंबऱ्यावर ठेवली, तिच्या हातात नाही.

"शेडच्या आवाराबाहेर न्यायचं नाही. आणि बाप वर बसणार नाही."

"मी बसते."

शेडच्या मागे मातीचा एक चढ होता, पूर्वी ट्रकमध्ये माल भरायला केलेला. त्याच्या पायथ्याशी वाळूचे ढीग, म्हणजे आपटलं तरी वाळूवर. सकाळी थोरलीने डाव्या दांड्याला पांढरं फडकं बांधलं. मशीन शेडमध्ये लावण्या-काढण्यापुरतं तिला चालवता यायचं. मशीन मागे घेत ती चढावर गेली आणि पहिल्या गिअरमध्ये सरळ खाली निघाली. बाबा बाजूला उभे होते, हात पाठीमागे बांधून.

निम्म्या उतारावर तिने फडक्याचा दांडा ओढला आणि डाव्या ब्रेकवर पाय दिला. भिजलेल्या गोणीवर पाय पडावा तसा ब्रेक मऊ लागला. मशीनचं नाक उजवीकडे गेलं. तिने दांडा सोडला, मशीन सरळ झालं. पुन्हा ओढला, पुन्हा उजवीकडे. वाळूत पातं टेकवून ती थांबली. इंजिन चालूच होतं. बाबा जवळ आले. त्यांनी फडक्याला नुसतं बोट लावलं.

"डावाच आहे, बाबा."

ते चढाच्या कडेला बसले आणि दोन्ही तळव्यांनी तोंड पुसत राहिले. मग उठले तेव्हा त्यांच्यातला ड्रायव्हर उठला होता.

"उतारावर सुटलेली चेन मोकळी पळते. तिला धरायचं ते ब्रेकने. ब्रेक धरत नाही, म्हणून डावी पुढे पळाली आणि नाक उजवीकडे ढकललं. सपाटीवर पळायला उतारच नाही, म्हणून तिथे सगळं गोड." थोडं थांबून ते म्हणाले, "महिनाभर जड ओझं ओढताना मशीन डावीकडे ओढ खातंय, म्हणजे डावा क्लचही घसरतोय. मी हातानेच सावरत गेलो. तेव्हाच ओळखायला हवं होतं."

"ब्रेक का धरत नाही?"

"तो कोरडा असावा लागतो. आत कुठूनतरी तेल शिरलंय."

त्या मशीनच्या पोटात ओळीने पाच खोल्या. मधली गिअरची, तेलाने भरलेली. तिच्या दोन्ही अंगांना क्लच आणि ब्रेकच्या दोन खोल्या, त्या कोरड्या. त्यांच्याही पलीकडे, अगदी कडेला, चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या दोन खोल्या, त्या पुन्हा तेलाच्या. म्हणजे कोरड्या खोलीला दोन्हीकडून शेजार तेलाचा, आणि मधे भिंतीत फक्त रबराची सीलं.

डाव्या कोरड्या खोलीचं बूच तळाला होतं. थोरली पाठीवर सरकत आत गेली. पुराचा चिखल तिथे दगडासारखा वाळला होता. तिने तो छिन्नीने फोडला, अर्धा डोळ्यांत गेला. बूच गंजलेलं. पान्यावर पाइप चढवून दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा पाना सुटून कोपर लोखंडावर आपटलं. तिने कोपराला हातही लावला नाही. बाबांनी बाहेरून रॉकेलची बाटली सरकवली. तास गेला. तिसऱ्या झटक्याला बूच करकरलं, आणि जिथून चार थेंबही यायला नकोत तिथून काळं तेल धारेने आलं. तिच्या बाहीत शिरलं, काखेपर्यंत गेलं. बादली निम्मी भरली.

बाबा त्या बादलीकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता असं म्हटलं तर चूक होणार नाही.

"कडेचं सील गेलं असणार," ते म्हणाले. "नव्वद टक्के वेळा तेच जातं."

"आणि ते बदलायचं म्हणजे?"

"चेन उघडायची, दातेरी चाक खेचून काढायचं. तीन माणसं, खेचायला मोठा पुलर. पंधरा दिवस."

"आपल्याकडे सहा आहेत. आधी तेल कुठल्या शेजाऱ्याचं ते तरी बघू."

"हं. वड्याचं तेल वांग्यावर नको," बाबा म्हणाले. सात दिवसांत तो त्यांचा पहिला विनोद.

युक्ती थोरलीची. कडेच्या खोलीतलं जुनं तेल तिने सगळं काढलं आणि तिथे नवं ओतलं, मधाच्या रंगाचं. मधल्या खोलीतलं काळं तसंच ठेवलं. मग कोरड्या खोलीत वरून डिझेल ओतून मशीन मागेपुढे केलं, डावा दांडा ओढत, सोडत. खाली काळं पाणी निघालं. पुन्हा डिझेल, पुन्हा तेच. चौथ्या वेळी डिझेल जसं ओतलं तसं बाहेर आलं. बूच उघडं ठेवून तिने त्याखाली पत्र्याचा डबा सरकवला, चिंधीने लखलखीत पुसलेला. आता थेंब पडेल तो रंगावरून आपलं घर सांगणार होता.

एक अख्खा दिवस डबा कोरडा राहिला. थोरली दर तासाला वाकून बघत होती. संध्याकाळी ती म्हणाली, "येतच नाही."

"थंड तेल आळशी असतं, माणसासारखं," बाबा म्हणाले. "उद्या तापव."

दुसऱ्या दिवशी तिने आवारातच मशीन दोन तास वीस पावलं पुढे, वीस पावलं मागे केलं. ऊन डोक्यावर, खालून इंजिनची धग, सीट तव्यासारखी. काका आपल्या कुंपणाशी येऊन उभे राहिले, बघून गेले, पुन्हा आले. "खेळणं झालंय नुसतं," असं ते कुणाला तरी म्हणाले, ते इंजिनच्या आवाजातही तिला ऐकू आलं. तिने गिअर बदलला.

मशीन थांबवून ती खाली शिरली. डब्यात एक थेंब होता. बघता बघता दुसरा पडला. काळा.

"मधलंच," ती बाहेर येत म्हणाली. "कडेचं नाही. चेन उघडायला नको."

पण बाबा डब्यातलं तेल अंगठा आणि बोटात चोळत बसले होते. चोळलं, बोटं फाकवली, पुन्हा चोळलं. मग वास घेतला.

"हे गिअरचं तेल नाही."

"काळं आहे. वासही तोच उग्र."

"वास तोच. पण याला अंग नाही. गिअरचं तेल बोटांत तार धरतं. हे बघ, धरतंय? यात काहीतरी पातळ मिसळलंय." त्यांनी मान वर केली. "गिअरची पट्टी काढ बरं."

थोरलीने तेल मोजायची पट्टी उपसली. तेलाची ओली रेघ खुणेच्या वर होती. चांगली चार बोटं वर.

ती रेघ तिच्या ओळखीची होती. दर आठवड्याला ती ही पट्टी काढायची, पुसायची, बघायची आणि परत घालायची. तेल कमी झालं नाही ना, एवढंच बघायची. जास्त असलेलं कोण मोजतं? उलट तिला बरं वाटायचं, जुनं मशीन असून गिअर थेंबभर खात नाही म्हणून. तिने पट्टी पुसली, पुन्हा बुडवली. रेघ तिथेच आली.

"बाबा."

"काय?"

"पातं उचलणाऱ्या तेलाची टाकी आहे ना. तिच्यात मी दर आठवड्याला डबाभर तेल घालते."

बाबांचा अंगठा बोटावर थांबला. "कधीपासून?"

"तीन महिने झाले."

"बोलली नाहीस."

"पाइपाचा सांधा ओला दिसायचा. वाटलं तिथून जातंय."

"आठवड्याला डबाभर तेल, एका ओल्या सांध्यातून?"

टाकीतलं तेल पात्याकडे ढकलणारा पंप गिअरच्या खोलीच्या पाठीवरच बसवलेला, त्याचा दांडा गिअरमध्ये शिरलेला, मधे एक सील. ते सील फाटलं होतं. टाकीतलं पातळ तेल गिअरच्या खोलीत उतरत होतं, तिथे मावेना तेव्हा भिंत ओलांडून ब्रेकच्या खोलीत सांडत होतं. शेडची जमीन डावीकडे उतरती, म्हणून सांडलं ते डावीकडेच. आणि टाकी रिकामी दिसली की थोरली पुन्हा भरत होती. स्वतःच्या हाताने, न चुकता.

बाबांनी भुसा घेऊन हात चोळून साफ केले.

"दहा दिवस मी माझ्या हातांकडे बघत बसलोय," ते म्हणाले आणि घरी निघून गेले.

त्या संध्याकाळी ते तिच्याशी बोलले नाहीत. जेवताना पाणी हवं होतं तर आईला म्हणाले. थोरली अर्ध्या ताटावरून उठली. भांडी घासताना आईने तिला कोपराने ढकललं.

"येऊ दे त्यांना राग. इतके दिवस त्यांना तोही येत नव्हता."

सकाळी ती शेडवर गेली तर बाबा तिच्या आधीच आले होते. पंपाचे दोन बोल्ट काढून चिंधीवर ठेवलेले. तिच्याकडे न बघता त्यांनी हात मागे केला. "लहान पाना दे."

तिने दिला.

पंप निघाला. आतलं सील शिंगासारखं कडक झालं होतं, ओठ एका बाजूने तुटून गेलेला. बाबा ते रुमालात बांधून बसने गेले आणि दुपारी नवं घेऊन आले, मुठीत मावेल एवढं. थोरलीने तोवर गिअरमधलं खराब तेल काढून नवं भरलं, बरोबर खुणेपर्यंत, पट्टी पाच वेळा बुडवून. ब्रेकचे पट्टे डिझेलने धुतले, कोरड्या चिंध्यांनी पुसले, वाळवले. मधल्या भिंतीच्या सिलाला हात लावायची गरज पडली नाही. तेल आपल्या उंचीला राहिलं तर ते अडवत होतं.

बोल्ट आवळताना बाबा म्हणाले, "लोकांना सांगू, सील गेलं होतं. खोटं नाही ते."

"अर्धंच आहे."

"लोकांना अर्धं पुरतं."

"उद्या तेलपाणी दुसरं कुणी बघेल. टाकी उतरलेली दिसली की तोही ओतत बसेल."

बाबांनी बोल्टला शेवटचा पिळा दिला. "तेलपाणी तुझ्या हातून कायमचं जाईल. माझी किल्ली परत येईलही."

"जाऊ दे."

मग तिने मशीन चार तास तापवलं, मागच्या चढावरून सहा वेळा उतरवलं. सहाही वेळा ते डावीकडे वळलं. रात्रभर डबा बुचाखाली राहिला.

तेराव्या दिवशी जावई आला, खांद्याला पिशवी लावूनच शेडवर. पाच घरांची माणसं जमली. थोरलीने बोलायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज बसका होता, मग लागला. चढावर काय झालं ते तिने सांगितलं, बादलीतलं तेल दाखवलं, जुनं सील दाखवलं. आणि टाकीत आपण काय ओतत होतो तेही, आठवडे मोजून. सांगताना ती काकांकडे बघत होती, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर पूर्ण सांगता आलं नसतं.

एकजण पुटपुटला, "म्हणजे म्हातारा खरं सांगत होता." ते त्याने आपल्या शेजाऱ्याला सांगितलं, म्हाताऱ्याला नाही.

"तीन महिने ओतत होतीस," काका म्हणाले.

"हो."

"माझी बायको त्या विहिरीवर होती."

"हो."

"आणि आता मशीन सुधारलंय, हेही तूच सांगणार."

"मी नाही सांगत. डबा खाली आहे. बघा."

काका वाकले नाहीत. जावयाने पिशवी उतरवली, गुडघ्यांवर बसला, पोटावर सरकत आत गेला. त्याने डब्याच्या तळातून बोट फिरवलं, बाहेर आला आणि ते सगळ्यांसमोर धरलं. बोटाला धूळ होती.

"मी फक्त सपाटीवर फिरवलं," तो म्हणाला. "आज उतारावर मीच बसणार होतो." मग तो बाबांपुढे गेला. "चुकलं माझं. हाताला नाव ठेवायच्या आधी बूच उघडायला हवं होतं."

बाबांनी मान हलवली.

काकांनी थोरलीकडे बघितलं. "ज्याने तेल ओतलं त्यानेच खाली आणावं. माझ्या विहिरीपुढून."

बाबा पुढे झाले, पण ती आधीच पायरीवर होती.

माथ्यावर येऊन तिने मशीन थांबवलं. खाली उतार, उताराच्या टोकाला वळण, वळणाच्या समोर विहीर. कठड्याच्या जागी नुसता दोर बांधलेला. मागच्या चढाच्या खाली वाळू होती, इथे पाणी. तिने तळहात मांडीवर पुसले. बाबा तिथेच उभे होते. आज त्यांनी हात मागे बांधले नव्हते.

काका सगळ्यांच्या आधी खाली चालत गेले. त्यांनी बादली उचलली, दोर ओलांडला, विहिरीच्या काठावर मशीनकडे पाठ करून उभे राहिले आणि बादली आत सोडली.

"अहो," काकू म्हणाल्या. ते हलले नाहीत.

थोरलीने गिअर टाकला. मशीन उतरू लागलं. चेनची खडखड दातांत शिरली. काकांची पाठ मोठी होत गेली. सदरा खांद्यावर कुठे फाटलाय तेही दिसू लागलं. एक हात पातं टाकायच्या दांड्यावर ठेवावा असं तिला वाटलं, पण त्या हाताला दुसरं काम होतं. वळण आलं. तिने डावा दांडा पोटापर्यंत ओढला आणि ब्रेक दाबला.

ब्रेक दगडासारखा लागला. डावी चेन जागच्या जागी थांबली, खालचे खडे भरडले गेले, आणि ते सगळं धूड त्या एका चेनवर तोललं जाऊन डावीकडे फिरलं, सावकाश, रस्त्यासारखं. पातं काकांच्या पाठीपासून पंधरा हातांवरून निघून गेलं.

काकांनी बादली वर ओढली. काठावर येईतो ती निम्मीच उरली, बाकीचं पाणी त्यांच्या पायांवर सांडलं होतं. ती तशीच घेऊन ते घराकडे गेले.

सपाटीवर थोरली उतरली. ती चेनला धरून उभी राहिली. बाबा उतार चालत आले, तिच्या खांद्याला हात टेकून वर चढले, सीटवर बसले आणि पातं खाली घेतलं. पहिलं शेत काकांचंच लागत होतं. त्यांनी कुणाला विचारलं नाही. पात्यापुढे वाळूची लाट उठली, दुमडली, बांधाकडे सरकत गेली. जावई फावडं घेऊन कडा सारखी करायला मागे लागला. थोरली चेनमध्ये अडकणारी मुळं आणि दोऱ्या उपटत बाजूने चालत राहिली.

दिवस कलला तेव्हा वाळूच्या मधोमध मातीचा एक लांब काळा पट्टा उघडा पडला होता. काकू अनवाणी त्यावर गेल्या आणि टाच दाबून बघितली. टाचेचा ठसा उमटला, आणि त्याच्या तळाशी ओल चमकली.

काका थोरलीजवळ येऊन उभे राहिले. पट्ट्याकडे बघत होते.

"उद्या कठड्यावर ये," ते म्हणाले. "दगड वर काढायला एक माणूस कमी पडतोय."

"येते."

"आधी इथलं तेलपाणी बघून ये."

तिने त्यांच्याकडे बघितलं. ते मशीनकडे बघत होते.

"टाकीत तेल किती आहे आता?" त्यांनी विचारलं.

ती मशीनवर चढली, झाकण काढलं, पट्टी बुडवली, ऊन जिथून येत होतं तिकडे धरून बघितली.

"सकाळी होतं तेवढंच."